पाचवीत हायस्कूलला गेल्यावर मूल गप्प होतं, तेव्हा नेमकं काय तपासायचं?

खाडीकाठ

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावातून लिहीत आहे. आमच्याकडे बहुतेक वाड्यांत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट बारा-चौदा, शिक्षक दोन. पाचवीला सगळी मुलं चार किलोमीटरवरच्या हायस्कूलला जातात आणि तिथे एका वर्गात ४२ जण असतात.

पालक-शिक्षक संघात दरवर्षी एकच गोष्ट समोर येते. दिवाळीपर्यंत त्यातली पाच-सहा मुलं वर्गात बोलायची बंद होतात. घरी बोलतात, खेळतात, शाळेत मात्र मान खाली. मार नाही, ओरडा नाही. शिक्षक रोज वेळेवर येतात, पोर्शनही वेळेत पूर्ण होतो. वर्गशिक्षकांना विचारलं की उत्तर मिळतं, 'तिचा काही त्रास नाही हो.'

हे वाक्य आम्हाला खटकतं, पण त्यावर पुढे काय विचारावं ते सुचत नाही. याला दुर्लक्ष म्हणायचं, की ४२ मुलांत एवढंच शक्य आहे? लक्ष देणारा शिक्षक जे करतो त्यातलं बाहेरच्या माणसाला दिसेल असं काय असतं? आणि बोलायला जायचं तर कसं, म्हणजे शिक्षक दुखावणार नाहीत आणि मुलावरही राग निघणार नाही? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

लालशाई

वह्यांपासून सुरुवात करा. पहिल्या बाकावरच्या मुलांच्या नकोत. ज्यांच्याबद्दल 'त्रास नाही' असं सांगितलं जातं, त्यातल्या चार-पाच जणांच्या गणिताच्या आणि मराठीच्या वह्या त्यांच्या पालकांना विचारून घ्या आणि जूनपासून आजपर्यंत सलग बघा. एकच पान बघून काही कळत नाही.

पानाखाली सही आणि तारीख आहे म्हणजे वही तपासली, असं समजू नका. एक गणित घ्या, ४०२ वजा १८७. उत्तर २१५. काही मुलं ३८५ लिहितात, काही २२५. दोन्ही उत्तरं चूक, पण चुका वेगळ्या. ३८५ लिहिणाऱ्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, वरचा कोणता आणि खालचा कोणता हे पाहिलेलंच नाही. त्याला उसनं घेणं मुळात कळलेलं नाही. त्याच्यासाठी काड्या आणि दहा-दहाचे गठ्ठे काढून दुसरीच्या पायरीवर यावं लागेल, त्याला पंधरा दिवस लागतील. २२५ लिहिणारीला उसनं घेणं येतं. शतकाकडून दहा दशक आणले, त्यातला एक एककाला दिला, म्हणजे तिथे नऊ उरले, एवढंच ती विसरली. तिचं काम दहा मिनिटांचं आहे. या दोघांच्याही वहीत सारखीच लाल फुली आणि खाली फळ्यावरून उतरवून घेतलेलं २१५ असेल, तर शिक्षकांनी फक्त उत्तर पाहिलं. फुलीशेजारी 'शून्याचं काय झालं?' एवढे तीन शब्द असतील, तर मुलाकडे पाहिलं. तीन आठवड्यांनी त्याच वहीत तीच चूक पुन्हा दिसते का, ते मुद्दाम शोधा. ती दिसली तर लाल शाई वाया गेली.

दुसरी जागा म्हणजे आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी. 'उपक्रमात सहभागी होते', 'अभ्यासात प्रगती आहे' ही वाक्यं वर्गातल्या कोणाच्याही नावासमोर चालतात. नाव झाकलं तरी मूल ओळखता येईल अशी नोंद हवी. 'जोडाक्षर आलं की थांबते, पण ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगते' ही खरी नोंद. अशी नोंद करणाऱ्याला उद्या काय शिकवायचं हेही कळलेलं असतं.

पोर्शन वेळेत पूर्ण होतो, असं तुम्ही लिहिलंय. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं हे त्यातलं एक. त्याच कलमात प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं आहे, आणि पालकांना नियमित भेटून हजेरी, क्षमता, प्रगती सांगणंही आहे. तेव्हा 'त्रास नाही' हे उत्तर अपुरं आहे, असं तुम्ही निःशंकपणे म्हणू शकता.

पाचवीत हे आणखी महत्त्वाचं झालंय. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, आणि तिथेही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. गप्प मुलाची अडचण एप्रिलमध्ये कळून काय उपयोग? ती ऑगस्टमध्ये कळायला हवी.

बोलीभाषा

सिंधुदुर्गात मी सगळ्यात आधी बोलीकडे बघेन. वाडीतल्या शाळेत गुरुजी-बाईंच्या कानाला मालवणीची सवय झालेली असते. हायस्कूलला शिक्षक घाटावरचे असू शकतात, आणि इथलेच असले तरी तासाला प्रमाण मराठीच बोलतात.

'काल का आला नाहीस?' असं विचारल्यावर मुलगा म्हणतो, 'पावस पडत होतो.' प्रमाण मराठीत 'होतो' म्हणजे 'मी होतो', म्हणून वर्ग हसतो. शिक्षकही सहज म्हणून जातात, 'होतो नाही रे, होता.' मालवणीच्या व्याकरणात मुलाचं वाक्य पूर्ण बरोबर आहे, तिथे पुल्लिंगी रूप ओकारान्तच असतं. मुलाला व्याकरणातला फरक कळत नाही. आपण तोंड उघडलं की हसतात, एवढं मात्र कळतं. असं तीनदा झालं की चौथ्यांदा तो 'माहीत नाही' म्हणतो, आणि पुढे तेही म्हणत नाही. कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं, म्हणूनच हे कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर सोपा उपाय आहे आणि त्याला वेळ लागत नाही. उत्तर आधी स्वीकारायचं, मग आपल्या पुढच्या वाक्यात प्रमाण रूप सहज वापरायचं. 'हो का, पाऊस पडत होता? मग साकवावरून पाणी गेलं असेल.' मुलाने पुन्हा म्हणून दाखवायची गरज नाही, कानावर पडू द्यायचं. वहीत प्रमाण मराठी, तोंडी उत्तराला बोली चालेल, असा नियम वर्गाला पहिल्या आठवड्यातच मोठ्याने सांगितला की हसणंही थांबतं. विज्ञानाच्या तासाला माशांची, झाडांची नावं मालवणीतच विचारून फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिणारे शिक्षक असतात. त्यांच्या वर्गात बंदरावरची मुलं सगळ्यात आधी हात वर करतात, कारण तो विषय त्यांचा असतो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, हे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गावर्गांत मोजून दाखवलं. थांबणं तीन सेकंदांपर्यंत गेलं की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. घरी एका बोलीत विचार करून शाळेच्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलाला तर ते तीन सेकंद हवेतच. आणखी एक, नाव प्रश्नानंतर घ्यावं. 'संगीता, सांग बरं' असं आधीच म्हटलं की उरलेले ४१ जण सुटले. आधी प्रश्न, मनात तीन आकडे, मग नाव.

पालकांना तासाला बसता येत नाही, पण घरी विचारता येतं. 'आज काय शिकवलं?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'कायच नाय' असंच येणार. 'आज बाईंनी तुझं नाव कधी घेतलं? कशासाठी?' असं आठवडाभर रोज विचारा आणि लिहून ठेवा. पाच दिवसांत हजेरीखेरीज एकदाही नाव घेतलं गेलं नसेल, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

वर्गशिक्षक_पाचवी

वरचे दोन्ही प्रतिसाद पटले, पण हिशेब शिक्षकाच्या बाजूनेही मांडायला हवा. एका वहीला नीट दोन मिनिटं म्हटली तरी ४२ वह्यांना ८४ मिनिटं लागतात. तास ३५ मिनिटांचा. हायस्कूलचा विषयशिक्षक असे चार-पाच वर्ग घेतो, म्हणजे दोनशेच्या आसपास मुलं. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २७ प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. पण पोर्टलवरची माहिती, आधार जुळवणी, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि पोषण आहाराच्या नोंदी शाळेतच असतात आणि त्या रोज वेळ खातात. 'रोज सगळ्यांच्या वह्या तपासा' अशी मागणी घेऊन गेलात तर सह्याच मिळतील, कारण तेवढंच शक्य असतं.

जमतं ते असं. रोज आठ-नऊ वह्याच घ्यायच्या, पण पूर्ण वाचायच्या. सतरा-अठरा मिनिटांत होतात आणि पाच दिवसांत वर्ग संपतो. ज्यांची पाळी नाही त्यांनी जोडीदाराची वही पेन्सिलने तपासायची. हजेरीच्या कच्च्या यादीवर रोज पाच नावांना टिंब द्यायचं आणि त्या पाच जणांशी अभ्यासाव्यतिरिक्त अर्धा मिनिट बोलायचं. गाय व्याली का, पप्पा बोटीवर गेले का, एवढंच. दोन आठवड्यांच्या आत सगळा वर्ग होतो. टिंबं दिली नाहीत तर आपण त्याच दहा मुलांशी बोलतो आणि आपल्याला वाटतं सगळ्यांशी बोललो. हे वाईट हेतूने होत नाही. जी मुलं हात वर करतात, तिकडे नजर आपोआप जाते.

बसण्याच्या जागेबद्दल कोणी लिहिलं नाही. आपल्याकडच्या कितीतरी वर्गांवर पत्रे आहेत. जुलैत सर लागली की तिसऱ्या बाकामागे शब्द ऐकू येत नाही. मागच्या रांगेतल्या मुलाचा प्रत्येक पावसाळी दिवसातला तास-दीड तास असा जातो, आणि नंतर 'लक्ष नसतं' असा शेरा मिळतो. सर आली की तोंडी शिकवणं थांबवून लेखी काम द्यावं आणि शिक्षकाने बाकांमधून फिरावं. रांगा दर सोमवारी एकेक पुढे सरकवाव्यात. उंच मुलं बाजूच्या रांगेत, म्हणजे कोणाचा फळा अडत नाही.

गप्प मुलाचे डोळे आणि कान आधी तपासा. पुस्तकातून बरोबर उतरवतं पण फळ्यावरून चुकतं, तर नजर. पाठीमागे हातभर अंतरावर उभं राहून हळू आवाजात तीन आकडे सांगा, ते म्हणता येत नसतील तर कान. आधी एक, मग दुसरा कान झाकायला सांगा. सर्दी मुरून कानात पाणी साचलेली मुलं पावसाळ्यात बरीच असतात आणि त्यांचं ऐकणं दिवसागणिक कमी-जास्त होतं, म्हणून ती मुद्दाम ऐकत नाहीत असं वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्या दिवशी ही नावं वेगळी काढून द्या. पथक येऊन गेलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, वर्षभर थांबू नका.

पालक-शिक्षक संघाने एक मदत जरूर करावी. आधार, बँक पासबुक, जातीचा दाखला, फोटो हे सगळं एका शनिवारी सर्व पालकांकडून गोळा करून, फाइल लावून द्या. मुलांमार्फत तीन आठवडे कागद मागण्यात जो वेळ जातो, तो वाचेल. वाचलेल्या वेळात आठ वह्या मागा.

सुरंगी

एक मुद्दा सुटतोय. कडक शिक्षक म्हणजे बेफिकीर आणि गोड बोलणारे म्हणजे काळजी घेणारे, असा समज पालकांत पक्का असतो. तो काढून टाका. ज्यांच्यापुढे मुलं चळाचळा कापतात त्यांचं मी समर्थन करत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना त्याच कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. पण 'राहू दे बाळा, तुला जमत नसेल तर सोड' असं प्रेमाने म्हणून पुढे जाणारी व्यक्ती त्या मुलाला शिकवायचंच सोडून देत असते. आणि हे वाक्य सगळ्यांना मिळत नाही. ते बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबाच्या मुलाला मिळतं, धनगरवाड्यावरच्या मुलीला मिळतं, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाणाऱ्याच्या पोराला मिळतं. डॉक्टरांच्या मुलाला नाही.

ओळखायचं कसं? चुकीच्या उत्तरानंतर शिक्षक काय करतात ते विचारा. 'बस, दुसरा कोण सांगतो?' म्हणतात, की त्याच मुलाला सोपा करून दुसरा प्रश्न देतात? आणि दुसऱ्याने बरोबर उत्तर दिल्यावर पहिल्याकडे परत येतात का? परत येणं महत्त्वाचं. त्यातून मुलाला कळतं की बाईंनी आपल्याला सोडलेलं नाही.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, त्याचा अभिमान रास्तच आहे. पण त्या आकड्यामुळे पाचवी-सहावीत मागे पडणाऱ्यांकडे पाहायची कोणाला घाई वाटत नाही. त्या पाच-सहा जणांची यादी करून घ्याच.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच तीन वह्या पाहिल्या. एकीत ३८५ जातीची चूक जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत नऊ वेळा आहे आणि प्रत्येक वेळी नुसती फुली.

दोन शंका. यातल्या दोन मुलांचे आई-वडील मुंबईत आहेत, मुलं आजीकडे असतात. शाळा म्हणते, 'डायरीत लिहितो, ग्रुपवरही टाकतो, प्रतिसाद नाही.' दुसरी शंका एका मुलीची. ती शाळेत जूनपासून कोणाशीच बोललेली नाही, मैत्रिणीशीसुद्धा. घरी मात्र अखंड बडबड चालू असते. तिला सगळे 'लाजरी' म्हणतात.

लालशाई

मुलीबद्दल आधी सांगतो. घरी मोकळेपणाने बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ अजिबात बोलत नसेल, तर त्याला लाजरेपणा म्हणून सोडू नये. यात शाळेचा पहिला महिना धरत नाहीत. सिलेक्टिव्ह म्युटिझम नावाची अवस्था असू शकते. त्यात मूल हट्टाने गप्प बसत नाही, भीतीने त्याचा आवाजच फुटत नाही. निदान तज्ज्ञांनीच करायचं, म्हणून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा आणि घरी बोलतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्या. तोवर शाळेने तिला उभं करून बोलायला लावू नये, 'बोललीस तर चॉकलेट' असंही नको. मानेने हो-नाही, बोटाने दाखवणं, पाटीवर लिहिणं, मग एका मैत्रिणीच्या कानात, मग मैत्रीण शेजारी असताना बाईंना, या क्रमाने जायचं. एका पायरीला दोन-तीन आठवडे लागले तरी हरकत नाही. ज्या दिवशी ती पहिला शब्द बोलेल त्या दिवशी टाळ्या वाजवू नका, नेहमीचंच समजून तास पुढे न्या. सगळ्यांच्या नजरा वळल्या की ती परत मिटते.

आजीकडच्या मुलांचं असं आहे की ग्रुपवरचा निरोप मुंबईतल्या वडिलांना पोचतो आणि मुलाजवळ असलेल्या आजीला पोचत नाही. डायरी आजी वाचू शकत नसेल तर तिथली सही मूलच करतं. शाळेने अशा घरांची वेगळी यादी करावी आणि महिन्यातून एकदा आजीला फोनवर तोंडी सांगावं. अपेक्षाही आजीला झेपेल अशी हवी. 'गणित करून घ्या' नको. 'रोज झोपण्याआधी दहा मिनिटं तुम्हाला धडा वाचून दाखवायला सांगा, अडखळला तरी मध्ये बोलू नका,' हे तिला जमतं.

हजेरीपटही मागून बघा. लावणीच्या दिवसांतले खाडे, साकवावर पाणी आलेल्या दिवसांतले खाडे आणि जून-जुलैची मासेमारी बंदी उठल्यानंतर आई पहाटे बंदरावर गेल्यामुळे होणारा उशीर, हे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या दोन्हींत बुडालेला धडा परत द्यावा लागतो. तिसऱ्यात मुलीला वर्गाबाहेर उभं केलं तर पहिला तास रोज बुडतो, आणि तो बहुधा गणिताचा किंवा भाषेचा असतो. तिला आत घ्यावं, कारण नंतर विचारावं.

आता भेट. मधल्या सुट्टीत किंवा परिपाठानंतर गाठू नका, त्या वेळी शिक्षकांचं लक्ष तासाकडे असतं. शनिवारी शाळा सकाळची असते, ती सुटल्यावर अर्धा तास आधी ठरवून मागा. मूल सोबत नको, पाच पालकांचा घोळकाही नको, दोघं पुरेत. वही उघडून टेबलावर ठेवा आणि म्हणा, 'सर, ही एकच चूक जुलैपासून दिसते आहे. तिला नेमकं काय कळलं नाही, असं तुम्हाला वाटतं?' लक्ष देता की नाही हा विषय काढूच नका. चुकीवर बोलणं सुरू झालं की शिक्षकातला शिक्षक जागा होतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तेवढं पुरतं. तीन आठवड्यांसाठी एकच गोष्ट ठरवा, उदाहरणार्थ उसन्याची वजाबाकी आणि दिवसातून एकदा तिचं नाव. उठतानाच पुढची तारीख घ्या. घरून काय करायचं तेही विचारून लिहून घ्या.

दोन भेटींनंतरही काही हललं नाही तर मुख्याध्यापकांकडे लेखी द्या. मुलाचं वागणं कसं आहे ते लिहायला बसू नका. वहीतल्या तारखा लिहा. त्यापुढे माध्यमिक शाळेसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक). मात्र मार, टोमणे, जातीवरून बोलणं किंवा अंगाला हात लावणं असं काही कळलं तर या पायऱ्या चढत बसू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि १०९८ या बालमदत क्रमांकाला फोन करा. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर थेट पोलिसांत.

त्या ३८५ वाल्या वहीचं काम मात्र भेटीची वाट न बघता आजच घरी सुरू करता येईल. माडाच्या हिरातल्या काड्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे बांधा, असे दहा गठ्ठे एकत्र बांधून शंभराचा मोठा गठ्ठा करा. आधी ४२ वजा १७ काड्यांनीच करू द्या, गठ्ठा तिनेच सोडायला हवा. चार दिवसांनी ४०२ वजा १८७. मोठा गठ्ठा सोडल्यावर दहा लहान निघाले, त्यातला एक सोडला, नऊ उरले, हे तिच्या हाताला कळलं की मगच वहीत लिहायला सांगा.